गॉर्टचा चौक

येट्सचे वाचक आयर्लंडच्या पश्चिमेला येतात ते दोन जागा पाहायला. एक कूल पार्क. लेडी ग्रेगरींच्या तिथल्या वाड्यात या कवीनं अनेक उन्हाळे घालवले. दुसरी जागा म्हणजे बॅलीलीचा जुना दगडी मनोरा. तो येट्सनी १९१७ मध्ये ३५ पौंडांना विकत घेतला आणि बायकामुलांसह राहण्याजोगा करून घेतला. दोन्ही जागा गॉर्टपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तरी गॉर्टमध्ये गाडी थांबते ती चहापाण्यापुरती. मार्गदर्शक पुस्तकंही या गावाला दोन-चार ओळींत उरकतात. हा त्या गावावर अन्याय आहे. त्या वाड्यांचा आणि मनोऱ्यांचा सगळा हिशेब शेवटी गॉर्टच्या चौकात येऊन मिळतो. कुणाची जमीन गेली, कुणाच्या हाती आली, कोण उपाशी राहिलं, कोण देशोधडीला लागलं आणि कोण सातासमुद्रापलीकडून इथं पोट भरायला आलं, हे कळायचं असेल तर याच चौकात उभं राहायला हवं.

गॉर्ट गॉलवे परगण्याच्या दक्षिण टोकाला आहे, गॉलवे आणि लिमरिक या दोन शहरांना जोडणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर. पूर्वेला स्लीव्ह ऑटीचे डोंगर आणि पश्चिमेला समुद्रापर्यंत पसरलेला चुनखडीचा सखल प्रदेश. या चुनखडीची चाळणी झालेली आहे. डोंगरावरून येणारी नदी लॉक कुट्रा या तळ्यातून बाहेर पडते, थोडं अंतर वाहते आणि जमिनीत गडप होते. पुढे कुठे तरी वर येते, पुन्हा गडप होते, आणि सरतेशेवटी तिचं पाणी किनवारा गावाजवळ समुद्राला मिळतं ते जमिनीखालूनच. पावसाळी हिवाळ्यात भूगर्भातल्या वाटा तुंबल्या की कुरणांतून पाणी वर येतं आणि बघता बघता तिथं तळं तयार होतं. उन्हाळ्यात तेच तळं आटतं आणि गुरं तिथं चरायला जातात. या तळ्यांना आयरिश भाषेत टर्लॉक म्हणतात. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत हाच शब्द जसाच्या तसा घेतला आहे. पाण्याचा हा लहरीपणा गॉर्टच्या शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. कुठलं शेत कोणत्या महिन्यात बुडेल हे तो नकाशा न बघता सांगतो.

गावाच्या नावात ग्वारे या राजाचं नाव आहे. सातव्या शतकात कनॉटवर राज्य करणारा हा राजा दानशूरपणासाठी ओळखला जाई. देऊन देऊन त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा लांब झाला होता, असं लोक सांगत. त्याचीच एक गोष्ट या भागात फार लाडकी आहे. ईस्टरच्या दिवशी राजा पंक्तीला बसला आणि एकाएकी ताटं जागेवरून उचलली गेली, आकाशातून उडत निघाली. राजा आणि त्याचे स्वार पाठोपाठ धावले. ताटं जाऊन उतरली ती बरेनच्या खडकाळ माळावर. तिथं कोल्मन नावाचा साधू आणि त्याचा शिष्य उपासाचे दिवस संपवून भुकेले बसले होते. चिडलेला राजा साधूला पाहून निवळला, आणि त्यानं कोल्मनला मठासाठी जमीन दिली. तोच गॉर्टपासून जवळचा किलमॅकडुआचा मठ. तिथला गोल मनोरा ३४ मीटरच्या आसपास उंच आहे, अर्धा मीटरभर कललेला आहे आणि त्याचं दार जमिनीपासून सात-आठ मीटर वर आहे. ताटं ज्या वाटेनं गेली ती वाटही लोक अजून दाखवतात.

पुढची हजार वर्षं मी भराभर ओलांडतो. ग्वारेच्या कुळातले म्हणवणारे ओशॉनेसी सरदार इथं सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत धनी होते. १६९० च्या लढाईत त्यांनी कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सची बाजू धरली. ती बाजू हरली. घराण्याचा वारस विल्यम ओशॉनेसी फ्रान्सला गेला आणि तिथल्या सैन्यात मोठ्या हुद्द्याला चढला. परत मात्र कधी आला नाही. त्याची जमीन सर थॉमस प्रेंडरगास्ट याला बक्षीस मिळाली. १६९६ मध्ये जेम्सला हरवणाऱ्या राजा विल्यमच्या खुनाचा कट शिजला होता आणि प्रेंडरगास्टनं तो फोडला होता. म्हणजे या गावाची मालकी बदलली ती एका फितुरीच्या मोबदल्यात. ओशॉनेसींनी पुढे बराच काळ कोर्टकचेऱ्या केल्या, पण त्यांच्या पदरात काही पडलं नाही.

आजचं गाव आखलं गेलं ते याच नव्या मालकांच्या वारसांच्या काळात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. ऐसपैस चौक, त्यातून फुटणारे रुंद रस्ते, बाजार आणि घोडदळाची बराक. १८१६ मध्ये मालकाला व्हायकाउंट गॉर्ट हा किताब मिळाला. त्याचा भाचा चार्ल्स व्हेरेकर यानं लॉक कुट्राच्या काठी गढी बांधली, तीही जॉन नॅशकडून. लंडनमध्ये बकिंगहॅम पॅलेसला नवं रूप देणारे हेच ते वास्तुविशारद. गुरांचे आणि धान्याचे बाजार भरत. १८३० च्या दशकात गावात साडेतीन हजारांहून जास्त लोक राहत होते. आज या गावाला ‘झपाट्यानं वाढणारं’ म्हणतात, पण आजही त्याची लोकसंख्या त्या आकड्याच्या खालीच आहे. याचं कारण १८४५ नंतरच्या पाच-सहा वर्षांत आहे, आणि त्या कारणात गॉर्टच्या शेजारच्याच एका वाड्याचा हात आहे.

तो वाडा कूलचा. रॉबर्ट ग्रेगरी या गॉलवेच्या माणसानं ईस्ट इंडिया कंपनीत अमाप पैसा कमावला आणि १७६८ मध्ये कूलची इस्टेट विकत घेतली. पुढे तो कंपनीचा अध्यक्षही झाला. हिंदुस्थानातला पैसा आयर्लंडच्या शेतजमिनीत असा मुरत होता, आणि त्या जमिनीवरची आयरिश कुळं ग्रेगरींना खंड भरत होती. कंपनीच्या इतिहासात आपण फक्त आपल्याकडून गेलेल्या पैशाचा हिशेब मांडतो. तो पैसा कुठे जाऊन बसला आणि तिथं त्यानं कुणाला कूळ केलं, हाही भाग त्याच हिशेबातला आहे.

रॉबर्टचा पणतू विल्यम ग्रेगरी १८४२ मध्ये डब्लिनमधून पार्लमेंटवर निवडून आला, तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. पश्चिमेकडच्या गरीब कुळांचं सगळं जगणं बटाट्यावर होतं. लहानशा तुकड्यात अख्ख्या घराचं पोट भरेल असं दुसरं पीक नव्हतं. १८४६ मध्ये पीक जवळपास सगळंच गेलं. १८४७ मध्ये लंडनच्या सरकारनं ठरवलं की आयर्लंडच्या गरिबांचा खर्च आयर्लंडच्याच मालमत्तेवरच्या करातून भागवायचा. हा कायदा पार्लमेंटमध्ये असताना तरुण विल्यम ग्रेगरीनं त्यात एक कलम सुचवलं. ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही.

पाव एकर म्हणजे दहा गुंठे. ज्याच्याकडे अकरा गुंठे आहेत आणि घरात दाणा नाही, त्यानं आधी ती जमीन जमीनदाराच्या हवाली करायची, मगच त्याच्या पोराच्या वाटीत लापशी पडायची. सभागृहात या कलमाच्या बाजूनं ११७ मतं पडली आणि विरोधात अवघी सात. जमीनदारांना हे कलम सोन्याहून पिवळं वाटलं, त्याला कारण होतं. चार पौंडांपेक्षा कमी आकारणीच्या जमिनीवरचा गरीब-कर कुळाऐवजी जमीनदाराला भरावा लागे. छोटी कुळं जेवढी जास्त तेवढा कराचा बोजा जास्त. कुळानं जमीन सोडली की झोपडी पाडायची, कर वाचवायचा आणि त्या रानात गुरं-मेंढरं सोडायची. अनेक कुळांना जमीन सोडवेना. ती गेली तर दुष्काळ सरल्यावर परतायचं कुठे? जमिनीचा तुकडा छातीशी धरून माणसं उपाशी मेली. इतिहासात या कलमाला ग्रेगरीचंच नाव पडलं, ते आजही निघालेलं नाही.

ज्यांनी जमीन सोडली त्यांच्यासाठी गॉर्टचं वर्कहाउस होतं. ते १८४१ मध्ये सुरू झालं. गरिबांना आसरा देण्यासाठी सरकारनं बांधलेल्या या इमारतीचा कारभार मुद्दामच कठोर ठेवला होता. आत पाऊल टाकलं की नवरा एका दालनात, बायको दुसऱ्या दालनात, मुलं तिसऱ्या. जगण्याचे सगळे मार्ग बंद झाल्याशिवाय इथं कुणी येऊ नये, हाच त्यामागचा हेतू होता. दुष्काळात तेच मार्ग बंद झाले, आणि अशा इमारती देशभर तुडुंब भरल्या. मग त्यांत टायफस तापाची साथ शिरली. गॉलवे परगण्यात १८४१ मध्ये चार लाख चाळीस हजार माणसं होती. १८५१ मध्ये तीन लाख बावीस हजारही उरली नाहीत. त्यातली काही स्मशानात गेली, बाकीची अमेरिकेच्या जहाजांवर.

विल्यम ग्रेगरीला सरसकट राक्षस ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्याचा बाप कुळांच्या मदतीसाठी फिरत असताना तापानं आजारी पडला आणि १८४७ च्या वसंतातच वारला. खुद्द कूलच्या कुळांशी विल्यम सौम्यपणे वागला असं सांगणारे बरेच आहेत. पुढे तो सिलोनचा गव्हर्नर झाला. कोलंबोचं वस्तुसंग्रहालय त्यानंच उभं केलं, त्याचा पुतळा तिथं अजून आहे आणि नुवारा एलियाच्या तलावालाही त्याचंच नाव आहे. सभ्य, रसिक, कुळांशी गोड बोलणारा माणूस. पण त्यानं लंडनच्या बाकावर बसून लिहिलेल्या एका वाक्यानं हजारो चुली विझल्या. सौम्यपणाचा फायदा त्याच्या स्वतःच्या कुळांना मिळाला, कलमाचा फटका साऱ्या देशाला बसला. अशा माणसाचा हिशेब मांडताना कलमच आधी मोजायला हवं असं मला वाटतं.

दुष्काळानं जमीनदारही बुडाले. गॉर्टच्या व्हायकाउंटनं या काळात खंडासाठी तगादा लावला नाही असं म्हणतात. कर्ज वाढत गेलं आणि बुडीत इस्टेटी विकायला नेमलेल्या कोर्टामार्फत लॉक कुट्राची गढी लिलावात गेली. किताब मात्र घराण्यात राहिला. १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजेचा सेनापती लॉर्ड गॉर्ट तो याच घराण्यातला. गढी काही काळ जोगिणींकडे होती. पुढे १८५० च्या दशकात ती फील्ड मार्शल ह्यू गफ यांच्याकडे आली. हे नाव मराठी वाचकाला अनोळखी वाटेल, पण ग्वाल्हेरला ते विसरलेले नाहीत. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूरच्या रणात शिंद्यांच्या तोफखान्यापुढे कंपनीची फौज घेऊन उभे होते ते हेच गफ. शिंद्यांचे गोलंदाज तोफांजवळून हटले नाहीत, तिथंच कापले गेले. त्याआधी गफ चीनमध्ये अफूच्या युद्धात लढले होते, नंतर शिखांशी लढले, आणि निवृत्तीनंतर त्यांनी तळ्याकाठची ही गढी घेतली. गॉर्टच्या एका बाजूला कंपनीच्या व्यापाराचा पैसा, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या सेनापतीची गढी, आणि मधल्या चौकात दुष्काळातून वाचलेली माणसं.

१८८० मध्ये विधुर विल्यम ग्रेगरीनं शेजारच्या रॉक्सबरो इस्टेटीवरच्या ऑगस्टा पर्स या तरुणीशी लग्न केलं. दोघांच्या वयात ३५ वर्षांचं अंतर होतं. बारा वर्षांत तो वारला. ऑगस्टाबाई, म्हणजेच लेडी ग्रेगरी, या सगळ्या गोष्टीतल्या सर्वांत विलक्षण व्यक्ती आहेत. १८९३ मध्ये त्यांनी आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध करणारी पुस्तिका नाव न देता छापली होती. जमीनदारीण बाईंकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. पण त्यानंतर त्या आयरिश शिकायला बसल्या, आणि गोष्टी गोळा करायला कुणाकडे गेल्या? गॉर्टच्या वर्कहाउसमधल्या म्हाताऱ्या माणसांकडे. जी इमारत त्यांच्या नवऱ्याच्या कलमानं भरली होती तिच्याच भिंतींआड बसून त्यांनी गोष्टी, गाणी, परीकथा, आंधळा कवी राफ्टरीच्या आठवणी वहीत टिपून घेतल्या. घरी परतताना त्यांच्या मनात काय येत असेल? नवऱ्याच्या आत्मचरित्राचं संपादन त्यांनी स्वतः केलं आणि त्यात त्याची बाजू सांभाळली. गॉर्टच्या लोकांकडून मात्र त्यांनी जे घेतलं ते प्रामाणिकपणे परत दिलं, आणि तेही रंगमंचावर.

२७ डिसेंबर १९०४ रोजी डब्लिनमध्ये ॲबी थिएटर उघडलं. त्याच्या संस्थापकांत लेडी ग्रेगरी आणि येट्स दोघंही होते, आणि पहिल्या रात्री येट्सच्या नाटकाबरोबर बाईंची ‘स्प्रेडिंग द न्यूज’ ही एकांकिका झाली. जत्रेतला प्रसंग आहे. एक माणूस आपली दाताळी विसरून जातो आणि दुसरा ती परत द्यायला त्याच्यामागे धावतो. कानानं अधू असलेली सफरचंदवाली अर्धवट काही तरी ऐकते. ती एकाला सांगते, तो दुसऱ्याला. दहा मिनिटांत साऱ्या बाजारात बोभाटा होतो की त्यानं दाताळीनं त्याचा खून केला. पुढच्या नाटकांत बाईंनी क्लून नावाचं एक काल्पनिक गाव रंगवलं, त्याच्या पोस्टात, चौकात, दुकानांत हीच माणसं वावरतात. क्लून म्हणजे गॉर्टच. पात्रं इंग्रजीत बोलतात, पण त्या इंग्रजीची ठेवण आयरिश. शेजारच्या किलटार्टनचे शेतकरी जसे बोलत तशीच. डब्लिनचे टीकाकार या बोलीला हसले. प्रेक्षकांनी मात्र ती डोक्यावर घेतली.

येट्स १८९७ पासून उन्हाळ्यात कूलला यायचे. त्यांना काही सुचेनासं झालं की बाई त्यांना घेऊन आसपासच्या झोपड्यांत जायच्या आणि लोककथा गोळा करायला लावायच्या. येट्सच्या कवितेत गॉर्टचा परिसर ठायी ठायी आला आहे. त्यात चौकातला दुकानदार फारसा दिसत नाही, कारण येट्सना सरदार आवडत आणि शेतकरी आवडत, मधला वाणी आवडत नसे. हा त्यांच्या नजरेतला दोष आहे असं मी म्हणेन. बाईंच्या नाटकांत तो दोष नाही. जाता जाता एक आपल्याकडचा धागा. याच येट्सनी उतारवयात अमरावतीजवळच्या बडनेऱ्याच्या पुरोहित स्वामींबरोबर उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १९३७ मध्ये आलं. स्वामींचे गुरू भगवान हंस यांच्या कैलास-मानसच्या मराठी प्रवासवर्णनाच्या इंग्रजी भाषांतराला प्रस्तावनाही येट्सचीच आहे. तोवर बॅलीलीच्या मनोऱ्यातला त्यांचा मुक्काम संपलेला होता.

१९०३ च्या कायद्यानं कुळांना सरकारी कर्जावर जमिनी विकत घेता येऊ लागल्या. जमीनदारी हळूहळू विरत गेली. मग स्वातंत्र्ययुद्ध आलं आणि गॉर्टनं त्याचं सगळ्यात काळं रूप पाहिलं. १ नोव्हेंबर १९२० रोजी किलटार्टनमध्ये एलेन क्विन ही गरोदर बाई आपल्या घरासमोर लहान मूल घेऊन बसली होती. रस्त्यावरून पोलिसांची लॉरी गेली, लॉरीतून गोळी सुटली, काही तासांनी एलेन गेली. चौकशी लष्करानंच केली आणि निकाल दिला की हा अपघात होता. त्याच महिन्याच्या शेवटी शानाग्लिशच्या पॅट्रिक आणि हॅरी लॉक्नेन या दोघा भावांना शेतातून पकडून नेलं. त्यांची जळकी, छिन्नविच्छिन्न प्रेतं दहा दिवसांनी एका डबक्यात सापडली. लेडी ग्रेगरींनी हे सारं लंडनच्या ‘नेशन’ साप्ताहिकाला निनावी लिहून कळवलं. त्या वेळी वय ६८, एकुलता मुलगा रॉबर्ट १९१८ मध्ये ब्रिटिश विमानदलात असताना मेलेला, स्वतः मोठ्या वाड्यात एकट्या. तरीही त्या गप्प बसल्या नाहीत. पुढच्या मे महिन्यात बॅलीटुरिनच्या वाड्यात टेनिसच्या मेजवानीहून परतणाऱ्या मोटारीवर क्रांतिकारकांनी गोळीबार केला. पोलीस अधिकारी, त्याची बायको आणि दोन लष्करी अधिकारी ठार झाले. त्या मोटारीतून एकटी वाचली ती मार्गारेट, लेडी ग्रेगरींची विधवा सून.

स्वातंत्र्य आलं आणि गाव शांत झालं. जरा जास्तच शांत. कूलची इस्टेट १९२७ मध्ये सरकारनं घेतली, लेडी ग्रेगरी त्याच घरात भाडं भरून राहिल्या आणि २२ मे १९३२ रोजी तिथंच वारल्या. १९४१ मध्ये घर पाडलं गेलं, दगडाच्या भावानं. ज्या झाडावर शॉ, सिंग, ओकेसी हे नाटककार आणि येट्स यांनी आपापली अक्षरं कोरली ते तांबूस पानांचं बीचचं झाड तेवढं उरलं. गावातली तरुण मुलं बोस्टनला, न्यूयॉर्कला, लंडनला गेली. हे काही नवं नव्हतं, दुष्काळापासून तेच चालू होतं. आयर्लंडच्या पश्चिमेला प्रत्येक घरात एक पोरगं शेतावर आणि बाकीची बोटीवर, अशीच वाटणी असे. १८६९ मध्ये आलेली आगगाडीही १९७६ मध्ये बंद झाली.

मग १९९० च्या दशकाच्या अखेरीला वारं फिरलं. आयर्लंडमध्ये पैसा आला, आणि मांस कारखान्यांत काम करायला माणसं मिळेनात. त्याच सुमारास ब्राझीलच्या गोयास राज्यातल्या अनापोलिस शहरात एक मांस कारखाना बंद पडून तिथले कुशल खाटीक बेकार झाले होते. सुरी धरून हाडावरून मांस झटपट आणि नीट सोडवणं हे सोपं काम नव्हे. गॉर्टच्या कारखान्यासाठी त्यातले काही जण वर्क परमिटवर आणले गेले. त्यांच्यामागून भाऊ आले, मेहुणे आले, मग बायका आल्या. बरेचसे तर अनापोलिसच्या विला फाब्रील या एकाच वस्तीतले. कोकणातल्या एका वाडीतली माणसं मुंबईत एकाच गिरणीत लागत, तसंच हे झालं. २००२ मध्ये गावाची लोकसंख्या अठराशेच्या आसपास होती, २००६ च्या जनगणनेत ती सव्वीसशेच्या पुढे गेली. त्यात जवळपास तिसरा माणूस ब्राझीलचा होता.

त्या वर्षांत गॉर्टचा चौक सकाळी भरू लागला. कारखान्याबाहेरचं काम शोधणारे ब्राझिलियन पहाटे येऊन उभे राहत. बांधकामवाले, शेतकरी, ठेकेदार गाडी थांबवत, दोन जण, तीन जण असं बोट दाखवत आणि घेऊन जात. मुंबई-पुण्याच्या मजूर नाक्यावर जे रोज दिसतं तेच. कधी पैसे ठरल्याप्रमाणे मिळत, कधी नाही. कागदपत्रं नसलेल्या माणसाला तक्रार करायला जागा नसते. हे कष्टकरी आपल्या दारात उभे आहेत हे ओळखायला गॉर्टच्या जुन्या माणसांना वेळ लागला नाही. त्यांचे स्वतःचे काका-मामा बोस्टनमध्ये असेच कागदपत्रांविना राबले होते. कुरबुरी झाल्या, घरभाडी वाढली, काही जण नाराजही होते. पण युरोपात इतरत्र ज्या दंगली झाल्या तसं इथं घडलं नाही. आपल्या देशातून माणसं कशी जातात हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला दुसऱ्या देशातून येणारा माणूस थोडा तरी कळतो, असं माझं मत आहे.

ब्राझीलच्या माणसांनी गावाचं रूप बदललं. बंद पडलेली दुकानं उघडली. काळ्या घेवड्याच्या पिशव्या, कसाव्याचं पीठ, ब्राझिलियन पद्धतीचे मांसाचे तुकडे, घरी पैसे पाठवण्याची काउंटरं. चर्चमध्ये पोर्तुगीजमधून प्रार्थना होऊ लागली, आणि पेंटेकोस्टल पंथाच्या ब्राझिलियन मंडळ्यांनी जागा भाड्यानं घेऊन आपली उपासना सुरू केली. जून महिन्यात चौकात त्यांचा सणही होई. ठिगळांचे कपडे, गवती टोप्या, जोड्यांनी फेर धरून होणारं क्वाद्रिल्या नृत्य. हा सण सेंट जॉनचा. आयर्लंडच्या पश्चिमेलाही सेंट जॉनच्या आदल्या रात्री, २३ जूनला, शेताशेतांतून होळ्या पेटवायची जुनी रीत आहे. दोन लांबच्या मुलखांतली माणसं एकाच संताच्या नावानं एकाच आठवड्यात सण करत होती हे गॉर्टकरांच्या लवकरच ध्यानात आलं.

कायदा मात्र माणसांइतका उदार नव्हता. जून २००४ मध्ये आयर्लंडनं सार्वमत घेतलं आणि ७९ टक्के मतांनी ठरवलं की देशात जन्मलेल्या मुलाला जन्मानंच नागरिकत्व मिळणार नाही. १ जानेवारी २००५ पासून हा बदल लागू झाला. एकाच घरातला थोरला मुलगा आयरिश नागरिक आणि धाकटी मुलगी नाही, अशी स्थिती त्यामुळे आली. २००८ मध्ये मंदी आली. बांधकामं थांबली, चौकात येणाऱ्या गाड्या कमी झाल्या आणि अनेक कुटुंबं अनापोलिसला परतली. ज्यांची मुलं इथल्या शाळेत रुळली होती, ज्यांना तिकडे परतून काही मिळणार नव्हतं, ते राहिले. ब्राझीलमधून नवे लोक येतही राहिले, आणि २०१६ मध्ये गावाची लोकसंख्या तीन हजारांच्या अगदी जवळ गेली.

या काळात रस्तेही बदलले. मार्च २०१० मध्ये आगगाडी पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षाच्या शेवटी गावाला वळसा घालणारा द्रुतगती मार्ग उघडला आणि लिमरिक-गॉलवेची सगळी ट्रकवाहतूक चौकातून बाहेर पडली. त्याचा गॉर्टपासून ट्यूमपर्यंतचा पुढचा टप्पा सप्टेंबर २०१७ मध्ये खुला झाला. फीत कापायला आले होते तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर, ज्यांचे वडील मूळचे मालवणजवळच्या वराड गावचे. आता गॉर्टहून गॉलवेला अर्ध्या तासाच्या आसपास पोचता येतं. शहरातलं भाडं न परवडणारी तरुण जोडपी म्हणून इथं घर बघायला येतात. वाहतूक वळवल्यानं दुकानांचा वाटसरू गिऱ्हाईक गेला ही तक्रार खरी आहे. पण चौकात मुलांना हात न धरता रस्ता ओलांडता येतो, हेही खरं आहे.

पाण्यानं मात्र कुणाचं ऐकलं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये आणि पुन्हा २०१५-१६ च्या हिवाळ्यात टर्लॉक इतके फुगले की आसपासच्या वाड्यावस्त्यांचे रस्ते कित्येक दिवस पाण्याखाली होते. बॅलीलीचा मनोराही दोन्ही वेळा बुडाला. जमिनीखालच्या वाटा अडल्या की वर कितीही नाले खोदा, पाणी आपल्या वेळेनंच उतरतं. जुन्या शेतकऱ्यांचा सल्ला न ऐकता सखल जागी घरं उठली, त्यांना या पाण्याचा सगळ्यात जास्त फटका बसला.

जानेवारी २०२२ मध्ये आयर्लंड सरकारनं कागदपत्रांविना राहणाऱ्यांसाठी सहा महिन्यांची एक योजना उघडली. चार वर्षं देशात राहिल्याचा पुरावा असेल, किंवा मुलं असतील तर तीन वर्षांचा, त्यांना राहण्याचा आणि कामाचा हक्क मिळणार होता. ब्राझीलचे लोक अर्ज करणाऱ्यांत पुढे होते. पुरावा म्हणून लोकांनी भाड्याच्या पावत्या जोडल्या, वीजबिलं जोडली, मुलांच्या शाळेचे दाखले जोडले. दुष्काळाच्या वेळी मदत मागणाऱ्याला जमीन सोडल्याचं दाखवावं लागे. या वेळी गॉर्टमधल्या माणसाला एवढंच दाखवायचं होतं की आपण इथं राहिलो. परवाना हाती आल्यावर ज्यांना वर्षानुवर्षं परत येऊ देतील की नाही या भीतीनं ब्राझीलला जाता आलं नव्हतं, ते पहिल्यांदा आईबापांना भेटायला अनापोलिसला जाऊ शकणार होते, आणि पुन्हा गॉर्टला परतू शकणार होते.